गाळलेली स्लाईड

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी बोलताना कुठे अडत नाही, पण लिहायला बसलो की ऱ्हस्व-दीर्घाची नुसती बोंब! हा लेख इंग्रजी विभागात दिला असता तर माझं काम सोपं झालं असतं. पण ज्या माणसाला तो वाचून दाखवायचा आहे, त्याला इंग्रजी येत नाही. म्हणून हा खटाटोप. चूकभूल द्यावी घ्यावी.

गोष्ट सुरू होते सेकंड इयरच्या कम्युनिकेशन स्किल्सच्या प्रेझेंटेशनपासून. मॅडमनी एका डब्यात चिठ्ठ्या टाकल्या होत्या. कुणाला अब्दुल कलाम निघाले, कुणाला मदर तेरेसा. माझ्या चिठ्ठीवर होतं : जेम्स बाल्डविन. मी हे नाव आयुष्यात ऐकलेलं नव्हतं. पण मार्कांचा प्रश्न होता, म्हणून वाचत गेलो आणि खरं सांगायचं तर अडकत गेलो.

बाल्डविन म्हणजे अमेरिकेतला मोठा कृष्णवर्णीय लेखक. जन्म १९२४ चा, न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतला. नऊ भावंडांत थोरला. घरात गरिबी, सावत्र बाप कडक धर्मोपदेशक. १९४८ साली, चोविसाव्या वर्षी, खिशात फक्त चाळीस डॉलर घेऊन तो पॅरिसला निघून गेला, कारण अमेरिकेत राहिलो तर हा वर्णद्वेष आपल्याला संपवेल असं त्याला वाटत होतं. पुढे तो काळ्या माणसांच्या लढ्याचा मोठा आवाज झाला. मी झकास दहा स्लाईड बनवल्या. सातव्या स्लाईडवर लिहिलं होतं की बाल्डविन समलिंगी होता आणि त्याने ते आपल्या पुस्तकांतून लपवलं नाही.

आदल्या रात्री रूममेटने लॅपटॉपमध्ये डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "बे, ही ठेवशील तर फायनल इयरपर्यंत तुलेच नाव पडन." मी दोन मिनिटं विचार केला आणि सातवी स्लाईड डिलीट केली. नऊ स्लाईड झाल्या, टाळ्या मिळाल्या, मार्कही चांगले पडले. विषय संपला असं मला वाटलं होतं.

तिकडे काय झालं होतं

सेमिस्टर संपल्यावर सुट्टीत पुन्हा वाचत बसलो तेव्हा एक गोष्ट कळली. बाल्डविनची पहिली कादंबरी १९५३ ची. ती गाजली. दुसरी कादंबरी 'जिओवानीज रूम' त्याने पॅरिसमधल्या दोन पुरुषांच्या प्रेमावर लिहिली. पहिलं पुस्तक काढणाऱ्या प्रकाशकाने ती नाकारली. त्याला सांगण्यात आलं की तू निग्रो लेखक आहेस, तुझा एक वाचकवर्ग आहे, असलं काही लिहून तो घालवू नकोस. पुस्तक जाळून टाक असाही सल्ला मिळाल्याचं त्याने नंतर सांगितलं. त्याने जाळलं नाही. दुसऱ्या प्रकाशकाने ते १९५६ साली छापलं.

वाचून मी थंडच पडलो. न्यूयॉर्कच्या प्रकाशकाने जे सुचवलं होतं, तेच मी चंद्रपूरच्या एका होस्टेलमध्ये करून मोकळा झालो होतो! माणूस चालेल, त्याचा हा भाग तेवढा चालणार नाही. सातवी स्लाईड गाळा, बाकीच्या नऊ दाखवा.

मग वाटलं, हा एकटाच होता का? तर नाही. आधीही होते, नंतरही झाले, आणि एकाने दुसऱ्याला काहीतरी हातात दिलं आहे.

बाल्डविनच्या आधीची पिढी पाहा. १९२० च्या दशकात हार्लेममध्ये कृष्णवर्णीय लेखक, चित्रकार, गवय्ये यांची एक मोठी लाट आली होती. त्यातला रिचर्ड ब्रूस न्यूजंट हा चित्रकार आणि लेखक. १९२६ साली 'फायर!!' नावाच्या नियतकालिकात त्याने पुरुषाच्या पुरुषावरच्या प्रेमाची उघड कथा छापली. पण नाव दिलं नुसतं 'रिचर्ड ब्रूस'. आडनाव गाळलं, घरच्यांना खाली मान घालावी लागू नये म्हणून. त्या नियतकालिकाचा तो एकच अंक निघाला.

दुसरा, बोफर्ड डिलेनी. जन्म १९०१, चित्रकार. हाही कृष्णवर्णीय आणि समलिंगी, आणि दोन्हींचा भार आयुष्यभर एकट्याने वाहिलेला. बाल्डविन पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा असताना कुणीतरी त्याला डिलेनीच्या दारात पाठवलं. बाल्डविन पुढे सांगायचा की काळा माणूस कलावंत होऊ शकतो याचा पहिला जिवंत पुरावा आपण त्या दारात पाहिला. एकदा रस्त्यात डिलेनीने त्याला गटारातलं पाणी दाखवलं आणि म्हणाला, बघ. पोराला घाण पाणी दिसलं. पुन्हा म्हणाला, नीट बघ. तेव्हा पाण्यावरच्या तेलाच्या तवंगात उलट्या झालेल्या इमारती आणि रंग दिसले. बस, एवढाच क्लास! पण बाल्डविनने तो जन्मभर लक्षात ठेवला.

डिलेनीचा शेवट मात्र वाईट झाला. मन बिघडलं, पॅरिसच्या इस्पितळात १९७९ साली तो गेला, आणि त्याच्या थडग्यावर नावसुद्धा नव्हतं. नावाचा दगड बसायला २०१० साल उजाडावं लागलं. चाहत्यांनी वर्गणी काढून तो बसवला.

तिसरी पिढी १९८० च्या दशकातली, आणि त्यांच्या नशिबी एड्सची साथ आली. जोसेफ बीम याने १९८६ मध्ये फक्त कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांच्या लेखनाचा संग्रह काढला. दुसऱ्या संग्रहाचं काम अर्धवट असताना १९८८ साली तो गेला. वय तेहतीस. मग ते काम कवी एसेक्स हेम्फिल याने हाती घेतलं आणि त्याच्या मदतीला उभी राहिली बीमची आई, डोरोथी. आपल्या मुलाचं अर्धं पुस्तक तिने पूर्ण करायला लावलं. 'ब्रदर टू ब्रदर' हा संग्रह १९९१ साली आला. मार्लन रिग्ज या दिग्दर्शकाने १९८९ मध्ये 'टंग्ज अनटाईड' हा माहितीपट केला, त्यात हेम्फिलच्या कविता आहेत. अमेरिकेतल्या कितीतरी सरकारी मदतीच्या टीव्ही केंद्रांनी तो दाखवायला नकार दिला. रिग्ज १९९४ साली गेला, हेम्फिल १९९५ साली. दोघांनीही चाळिशी पाहिली नाही.

आणि चौथी पिढी आपल्या डोळ्यांसमोरची. टॅरेल मॅक्रेनी या नाटककाराच्या लिखाणावरून निघालेला 'मूनलाईट' हा सिनेमा २०१६ चा. एका गरीब कृष्णवर्णीय मुलाची, त्याच्या गप्प राहिलेल्या प्रेमाची गोष्ट. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. १९२६ ला आडनाव गाळलं होतं, २०१७ ला स्टेजवर पूर्ण नाव पुकारलं गेलं. मध्ये नव्वद वर्षं गेली.

दोन भारांची बेरीज का चुकते

इथे कुणीही विचारेल (मलाही विचारलं गेलं) की काळ्यांचा प्रश्न वेगळा, समलिंगी लोकांचा वेगळा. दोन्ही वेगवेगळे अभ्यासले की झालं ना!

नाही होत. आणि का नाही होत, हे आपल्या सिव्हिलवाल्यांना सर्वात लवकर कळेल. समजा एक उभा कॉलम आहे. त्याच्यावर वरून भार दिला, तर सरळ असेपर्यंत तो मुकाट सोसतो. वरचा भार काढला आणि फक्त बाजूने ढकललं, तर थोडा वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. आता दोन्ही एकदम द्या. बाजूच्या धक्क्याने कॉलमचं डोकं जेवढं सरकलं, तेवढ्या अंतरावरून वरचा भार त्याला आणखी वाकवतो. आणखी वाकला की मोमेंट आणखी वाढतो. यालाच आपण पी-डेल्टा इफेक्ट म्हणतो. दोन्ही भारांची वेगवेगळी उत्तरं काढून बेरीज केली, तर खरं उत्तर त्यापेक्षा मोठं निघतं. म्हणजे आपली बेरीज चुकते, आणि चुकते ती धोक्याच्या बाजूला.

माणसांच्या बाबतीत हेच किम्बर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या प्राध्यापिकेने १९८९ मध्ये मांडलं. तिने एका मोटार कंपनीविरुद्धच्या १९७६ च्या खटल्याचं उदाहरण दिलं. कृष्णवर्णीय बायकांनी अन्यायाची तक्रार केली होती. उत्तर मिळालं की कंपनीत बायका आहेत आणि काळे कामगारही आहेत, मग अन्याय कुठे? प्रत्यक्षात बायका होत्या त्या गोऱ्या, ऑफिसात. काळे होते ते पुरुष, कारखान्यात. दोन्ही असलेली बाई दोन्ही यादीत बसत नव्हती.

बाल्डविनचंही असंच झालं. गोऱ्या जगात तो काळा होता. आणि आपल्या लोकांत? १९६६ साली स्थापन झालेल्या ब्लॅक पँथर पक्षाचा नेता एल्ड्रिज क्लीव्हर याने १९६८ च्या आपल्या पुस्तकात बाल्डविनवर अत्यंत वाईट शब्दांत हल्ला केला, तो समलिंगी आहे म्हणून. ज्या लढ्यासाठी बाल्डविन सभा गाजवत होता, त्याच लढ्यातून हा दगड आला. मात्र दोनच वर्षांनी, १९७० साली, त्याच पक्षाचा संस्थापक ह्यूई न्यूटन याने जाहीर भाषणात आपल्या लोकांना सांगितलं की समलिंगी लोक आणि स्त्रिया यांच्या चळवळींशी आपण मैत्री केली पाहिजे, आणि त्यांच्यावरून शिव्या देणं बंद करा. एकाच घरातून दोन्ही आवाज आले.

आबाजी आणि १९५६

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेचं. आपल्या झाडीपट्टीचा काय संबंध?

मला संबंध सापडला तो १९५६ या सालामुळे. 'जिओवानीज रूम' छापून आली त्याच वर्षी, १६ ऑक्टोबरला, बाबासाहेब चंद्रपूरला आले आणि इथे धम्मदीक्षा झाली. नागपूरनंतर दोन दिवसांनी. आपल्या दीक्षाभूमीवर दरवर्षी जो मेळा भरतो, तो त्याच दिवसाचा. माझे आबाजी त्या दिवशी तिथे होते. वय चौदा. ही गोष्ट घरात हजारदा सांगितलेली. पण त्यातला एक भाग कधीच सांगितला गेला नव्हता. तो मला या दिवाळीत, बाल्डविनबद्दल त्यांना सांगता सांगता कळला.

आबाजी दंडारीत नाचत होते, बाईचं लुगडं नेसून!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या आणि जंगलाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळीनंतर धान घरात आलं की मंडई भरते, शंकरपट होतात आणि रात्रभर नाटकं चालतात, ती पार होळीपर्यंत. वडसा हे त्याचं मुख्य ठाणं. आजची झाडीपट्टी रंगभूमी ज्या मुळातून वाढली ती म्हणजे दंडार आणि खडी गंमत. खडी गंमत म्हणजे उभ्याने सादर होणारा आपल्याकडचा तमाशा. त्यात शाहीर, ढोलकीवाला, सोंगाड्या आणि एक नाच्या पोऱ्या. बाई स्टेजवर यायची नाही, म्हणून पोरगाच बाई व्हायचा.

आता बायकांची कामं बायकाच करतात, त्यासाठी नागपूर-मुंबईहूनही नट्या येतात. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या गावात पेढे वाटले. पण नाच्या पोऱ्यांच्या त्या पिढीला कुणी विचारलं नाही. आबाजी म्हणाले, "रातीले शिट्या, दिवसा शिव्या. अशी आमची मजुरी होती बापा."

दीक्षेनंतर घरी आल्यावर त्यांच्या मोठ्या भावाने घुंगरू विहिरीत टाकले. म्हणाला, बाबासाहेबांनी आपल्याला माणूस केलं, आता लोकांपुढे कंबर हलवायची नाही. आबाजींनी नाच सोडला, शाळा धरली, पुढे शिक्षक झाले. त्यांना भावाचा राग नाही. मलाही नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना दुसऱ्यांच्या करमणुकीसाठी नाचायला लावलं, त्यांनी नाच सोडणं हीसुद्धा एक लढाईच होती. इतिहासाच्या प्राध्यापिका शैलजा पाईक यांनी २०२२ च्या आपल्या पुस्तकात तमाशातल्या दलित बायकांचा नेमका हाच पेच मांडला आहे : कला पोट भरते, पण तिलाच अश्लील ठरवून माणुसकी नाकारली जाते. त्यांना २०२४ साली अमेरिकेची मॅकआर्थर फेलोशिप मिळाली.

पण आबाजींच्या दंडारीत आणखी एक माणूस होता. त्यांना लुगडं नेसायला, पावलं टाकायला शिकवणारा. आबाजी त्याला 'उस्ताद' म्हणतात. उस्तादाने लग्न केलं नाही. गावाच्या कडेला एकटा राहायचा. दंडारीच्या रात्री त्याला पाहायला चार गावचे लोक यायचे आणि सकाळी तेच लोक त्याला बायल्या म्हणायचे. मी भीत भीत विचारलं, "आबाजी, तो तसा होता का?" बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, "आमच्यासारका नोयता. पन आमचाच होता."

घुंगरू विहिरीत गेले तेव्हा आबाजींपुढे शाळा होती. उस्तादापुढे काय होतं? वरच्या जातींच्या गावात तो खालच्या जातीचा होता. वस्तीत तो बायल्या होता. फक्त स्टेजवर तो पूर्ण होता, आणि स्टेजच गेलं. पी-डेल्टा! तो कधी गेला, कुठे गेला, आबाजींना नीट आठवत नाही. फोटो नाही. डिलेनीला निदान तीस वर्षांनी दगड मिळाला.

एकच लुगडं, दोन किमती

इथे दोन गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत. एक म्हणजे बाईचं काम करणारा प्रत्येक पुरुष समलिंगी नसतो. मराठी सिनेमात नाच्याची कामं करून गाजलेले गणपत पाटील यांना बायको-मुलं होती. तरी लोकांनी पडद्यावरचा शिक्का त्यांच्या घरापर्यंत नेला आणि त्यांना तो २००८ साली जाईपर्यंत पुसता आला नाही. २०१० सालच्या 'नटरंग'मधला गुणा आठवा. तोही असाच.

दुसरं म्हणजे लुगडं तेच असलं तरी किंमत नेसणाऱ्याच्या जातीवर ठरते. बालगंधर्वांनी आयुष्यभर स्त्रीभूमिका केल्या. त्यांच्या साड्यांची, दागिन्यांची फॅशन पुण्या-मुंबईच्या घरंदाज बायका उचलायच्या. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं, पुण्यात त्यांच्या नावाचं नाट्यगृह आहे. त्यांच्या कलेबद्दल मला आदरच आहे. पण संगीत नाटकात जी 'स्त्रीभूमिका', तीच खडी गंमतीत 'नाच्या', आणि 'नाच्या' ही आपल्याकडे शिवी आहे. हा फरक अभिनयाचा नाही.

जात आणि वर्ण या एकच गोष्टी नाहीत, हे मला कळतं. पण हे धागे जोडणारा मी पहिला नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामगिरी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना पत्र लिहिलं. १९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली ती ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. आपण त्यांच्याकडून पँथर घेतला, मग न्यूटनचं ते भाषण का नाही घेतलं, एवढाच माझा प्रश्न आहे.

अर्थात काही जण घेत आहेत. दिशा पिंकी शेख या तृतीयपंथी कवयित्री मराठीत लिहितात आणि जातीबद्दल, लिंगाबद्दल एकाच दमात बोलतात. दिग्दर्शक नीरज घायवान यांच्या २०२१ च्या 'गीली पुच्ची'मधली नायिका कारखान्यात काम करणारी दलित मुलगी आहे. तिला एका मुलीबद्दल प्रेम वाटतं हे ती एकवेळ सांगते, पण तिच्यासमोर आपली जात लपवते. पाहा, सातवी स्लाईड प्रत्येकाची वेगळी असते.

कायदा आणि मेस

कायद्याचं थोडक्यात सांगतो. इंग्रजांनी केलेल्या दंड संहितेतलं कलम ३७७ समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवायचं. २००९ साली दिल्ली हायकोर्टाने ते सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द केलं, २०१३ ला सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने असे संबंध गुन्हा नाहीत असं कायमचं सांगितलं. त्या खटल्यातले पहिले अर्जदार नवतेजसिंग जोहर हे कोण, माहीत आहे? भरतनाट्यमचे नर्तक! लग्नाचा हक्क मात्र २०२३ च्या निकालात मिळाला नाही.

म्हणजे २०१८ पासून कायद्याच्या दृष्टीने हा गुन्हा नाही. पण आपल्या मेसमध्ये?

गेल्या वर्षीच्या गॅदरिंगला एका ज्युनिअरने नऊवारी नेसून लावणी केली. काय नाचला होता! हॉल डोक्यावर घेतला आपण. मीही शिट्या मारल्या. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये तो ताट घेऊन आला तेव्हा मागून कुणीतरी त्याला हाक मारली. कोणती हाक, ते तुम्हाला माहीत आहे, इथे लिहीत नाही. पहिली हाक माझी नव्हती. दुसरी माझी होती. यंदाच्या गॅदरिंगमध्ये त्याचं नाव नव्हतं.

रातीले शिट्या, दिवसा शिव्या. सत्तर वर्षांनी, त्याच जिल्ह्यात, आणि शिव्या देणाऱ्यांत आबाजींचा नातू.

म्हणून हा लेख लिहिल्यावर मी सर्वात आधी त्याच्या रूमवर गेलो. माफी मागितली, अगदी वाईट जमली. मग त्याला हे सगळं वाचायला दिलं आणि म्हटलं, तू नाही म्हणालास तर तुझा भाग काढतो. त्याने शांतपणे वाचलं. मी विचारायच्या आधीच म्हणाला, "मी कोण आहे ते तुला सांगायची मला गरज वाटत नाही." बरोबर आहे. म्हणून त्याचं नाव इथे नाही. उस्तादाचं नावही नाही, कारण ते आबाजींना माहीत असलं तरी उस्तादाला विचारता येणार नाही. नाव छापणं आणि नाव उघड करणं यात फरक आहे, हे मला या लेखाने शिकवलं. आबाजींनी ते नाव माझ्या वहीत लिहून दिलं आहे, त्यांच्या मास्तरी अक्षरात. ते वहीतच राहील, पण राहील.

ज्युनिअरने एकच दुरुस्ती सुचवली. मी आधी लिहिलं होतं की त्या प्रकारानंतर त्याने नाच सोडला. त्याने पेनाने ते वाक्य खोडलं.

"नाच कुठे सोडला? मंडईच्या सीझनमध्ये दर शनिवारी गावाकडे जाऊन करतो. फक्त तुमच्यासमोर करत नाही."

पुढच्या महिन्यात आबाजींना घेऊन मी मंडईला जाणार आहे. त्याला विचारलं आहे. तो म्हणाला, या, पण शिट्या मारायच्या तर दुसऱ्या दिवशीही मारायच्या.